हिरव्या टाकीचं झाकण

मिस्त्रीला मी बोलावलं होतं माझ्या शिलाई मशीनसाठी, आणि तो माझ्या मशीनकडे पाठ करून खिडकीशी उभा राहिला. हे वागणं मला मुळीच आवडलं नाही. मशीन टाके गाळत होतं, टेबलावर गणवेशांचा ढीग पडला होता, आणि हा बुवा हातात तेलाची कुपी धरून, मान तिरकी करून, अंगणातल्या मोटारसायकलच्या किका ऐकत होता.

"मिस्त्री, मशीन इकडे आहे," मी म्हणाले.

"हो काकू. पण बाहेर काहीतरी चुकीचं चाललंय."

"चालतच नाहीये ते. तीच तर बोंब आहे."

तर हा कुपी खिशात घालून सरळ बाहेर गेला. मला न विचारता.

अंगणात माझी धाकटी मुलगी होती. ती दुकानांच्या पाट्या रंगवते. मला वाचायला जेमतेम येतं, पण तिनं काढलेल्या अक्षरापाशी मीसुद्धा थांबते. लग्नाचा विषय काढला की ती ब्रश धुवायला उठते. यांची एक जुनी, छोटी मोटारसायकल होती. हे गेल्यापासून ती पत्र्याच्या शेडमध्ये पडून होती. धाकटीनं ती बाहेर काढली, गंज खरवडला, रंगाचे हातावर हात देऊन हिरवीगार केली आणि टाकीवर पट्टी न लावता पिवळी बारीक रेघ ओढली. गाडी दिसायला अशी झाली की रस्त्यानं जाणारे फाटकातून डोकावायचे. चालायचं मात्र नाव नाही.

आणि ती चालावी असं घरात धाकटीशिवाय कोणालाच वाटत नव्हतं. घाटापलीकडच्या एका मोठ्या शाळेच्या भिंती रंगवायचं वर्षभराचं काम तिला मिळालं होतं. तिनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "बाबांची गाडी चालली की मी निघाले." मला काय वाटत होतं ते कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

"पेट्रोल आहे का त्यात?" मिस्त्रीनं विचारलं.

धाकटीनं कपाळावर आलेली बट मनगटानं मागे सारली. "नाही. गुलाबपाणी भरलंय."

"तरीच वास चांगला येतोय."

"तो रंगाचा येतोय."

"मग रंगाचाच म्हणत होतो मी..."

थोरली सून माझ्या मागे येऊन उभी होती. ती हसली. मी हसले नाही.

त्यानं प्लग काढून घासला, ठिणगी बघितली, आहे म्हणाला. मग इंजिनाच्या बाजूचं गोल झाकण उघडलं. आत दोन बारीक टिकल्या असतात, एकमेकींना चिकटतात आणि सुटतात. त्यांना पॉइंट म्हणतात. त्या सुटल्या की ठिणगी पडते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे, कारण पुढं महिनाभर आमच्या घरात दुसरं बोलणंच नव्हतं. त्यानं आत काहीतरी केलं, झाकण लावलं, किक मारली. आता होती ती ठिणगीही गेली.

"मघाशी होती," धाकटी म्हणाली.

"होती खरी..."

"तुम्ही हात लावलात आणि गेली."

त्यानं झाकण पुन्हा उघडलं, बोट लावलं, बोटाचा वास घेतला. त्याचे कान लाल झालेले मला खिडकीतून दिसले.

"मी तेल घातलं," तो म्हणाला.

"पॉइंटवर? तेल?"

"अहो, मी शिलाई मशीनचा माणूस. हलणारं, कोरडं काही दिसलं की हात आपोआप जातो."

"बाई गं! बरं झालं, मी लांब उभी होते."

मग तो आत आला, माझ्या कटिंगच्या कागदाची पट्टी टर्रकन फाडून घेतली आणि पुन्हा बाहेर. विचारणं हे त्याला ठाऊकच नसावं. ती पट्टी त्यानं त्या दोन टिकल्यांच्या मधून ओढली. काळी निघाली. दुसरी ओढली, ती कोरी निघाली. धाकटीनं किक मारली आणि अंगणभर निळा धूर झाला. तोच आवाज... हे कामावरून परत यायचे तेव्हा गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचा तो. माझ्या हातून एक टाका सुटला. मशीनचाच दोष, म्हणून मी तो सोडून दिला.

पण गाडी पाण्याच्या टाकीपलीकडच्या चढापर्यंत जायची आणि बसायची. आधी आचके, मग गप्प. पहिल्या दिवशी दोघं ती ढकलत परत आले. ही हँडलला, तो मागून, दोघंही घामाघूम. फाटकाशी आल्यावर त्यानं पेट्रोल बघायला टाकीचं झाकण उघडलं, लावलं, किक मारली, आणि गाडी सुरू!

"आपल्या धाकट्या वन्संसारखीच आहे," सून म्हणाली. "बाहेर रुसायचं आणि घरी येऊन बडबडायचं."

मग काय, दोष शोधणं सुरू झालं. माझ्या इस्त्रीच्या टेबलावर कार्बोरेटर उघडून पडला. पेट्रोलची नळी बदलली. टाकीखालच्या जाळीत गंज निघाला, तो धुतला. प्रत्येक दुरुस्तीनंतर चढापर्यंत फेरी. गाडीला सीट एकच, म्हणून ही पुढं आणि तो मागच्या कॅरियरवर, बाहेरगावी पाठवायच्या गाठोड्यासारखा. धरायचं कशाला हा त्याला प्रश्न पडायचा. तो कॅरियरचीच दांडी धरायचा. मी खिडकीतून बघत असे, म्हणजे शिवता शिवता दिसत असे.

एकदा फेरीला गेले आणि पाऊस आला. गाडी चढावर बंद पडलेली, समोर एका बंद दुकानाचा पत्रा, त्याखाली दोघं उभे. पुढचं मला धाकटीनं सांगितलं, म्हणजे सगळं सांगितलं असेल असं नाही.

"सगळ्यात अवघड अक्षर कुठलं हो?" त्यानं विचारलं.

"ळ."

"ळ? त्यात काय आहे? दोन वाटोळी."

"दोन्ही सारखी आली पाहिजेत. एक जरी फुगलं, की अक्षर तोंड फिरवल्यासारखं दिसतं."

त्यानं ओल्या टाकीवर बोटानं ळ काढला. एक वाटोळं लिंबाएवढं, दुसरं वाटाण्याएवढं.

"ही काय दशा केलीत त्याची!"

"मग दाखवा ना..."

तिनं त्याचं बोट धरून टाकीवर अक्षर गिरवून घेतलं. हे मात्र तिनं सांगितलं नाही. ते सुनेनं रिक्षातून येताना बघितलं. पाऊस थांबल्यावर त्यानं पेट्रोल बघायला झाकण उघडलं, लावलं, किक मारली. गाडी पहिल्या किकेत सुरू.

"तुझा हात लागला की चालते बघ," धाकटी म्हणाली.

तो झाकणच पुसत राहिला.

फाटकातून गेले तेव्हा दोघं एकमेकांना 'तुम्ही' म्हणत होते, परत आले तेव्हा 'तू'. गाडीत काय बंद पडतंय ते मला कळत नव्हतं. घरात काय सुरू झालंय ते कळलं. मी दोघांनाही काही विचारलं नाही. माणसं मोठी होती, त्यांचं ती बघतील.

त्यानंतर प्रत्येक फेरीत तेच. गाडी बसली की तो झाकण उघडून आत डोकावायचा, लावायचा, आणि गाडी चालायची. धाकटी त्याच्या हाताचं कौतुक करून दमत नव्हती. निघायचा दिवस मात्र पुढं पुढं जात होता. शाळेतून फोन यायला लागले होते. एकदा तिला फोनवर बोलताना ऐकलं, "हो सर, याच आठवड्यात, नक्की." ते काम तिला फार हवं होतं. एवढी मोठी भिंत तिला आजवर कोणी दिली नव्हती.

एका दुपारी मिस्त्री माझ्या मशीनखाली वाकलेला असताना मी विचारलं, "गाडीचं काय झालं रे?"

"सापडेल, काकू."

"शोधतोयस तरी का?"

"...शोधतोय."

"माझ्या मशीनचा दोष तुला चहा गार व्हायच्या आत सापडतो."

तो मशीनखालूनच म्हणाला, "हे मशीन घाट चढून जाणार नाहीये, काकू."

मी चहाचा कप उचलून आत गेले.

शेवटी शाळेनं कळवलं, सोमवारी आला नाहीत तर काम दुसऱ्याला देऊ. धाकटीनं सामान बांधलं. रविवारी घाटमाथ्यापर्यंत जाऊन बघते म्हणाली, बंद पडली तर पडली. शनिवारी संध्याकाळी मिस्त्री आला. टाकी पुसली, चाकांची हवा बघितली, उद्या मला दुसरीकडे काम आहे म्हणाला आणि लवकर गेला. चहासुद्धा घेतला नाही.

रविवारी धाकटी एकटी गेली आणि दुपारच्या आत परत आली. गाडी घाटमाथ्यापर्यंत गेली, तिथून वळली, दारात आली. कुठंही बंद पडली नाही. मला वाटलं, पोरगी आनंदानं नाचेल. तिनं हेल्मेटही काढलं नाही. टाकीचं झाकण काढून उजेडाकडे धरलं.

"आई, हे बघ."

"काय बघू? झाकण आहे."

"मधोमध बघ. भोक दिसतंय?"

दिसलं. टाचणीच्या टोकाएवढं.

"झाकणाला मुळात बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरेल तशी वरून हवा आत यायला. मी रंगाचे हातावर हात दिले, त्यात ते बुजलं. हवा नाही, की थोड्या वेळानं पेट्रोल उतरायचं थांबतं. झाकण उघडलं की हवा आत जाते आणि गाडी चालते. हाताबिताचं काही नव्हतं!"

"म्हणजे चूक तुझीच."

"माझीच. पण आता ते मोकळं कोणी केलं? माझा रंग मी ओळखते. ब्लेडनं कापला की कड निघते. हे सुईनं टोचलंय. जाड कापडाच्या सुईनं. त्याला माहीत होतं, आई... आणि मला बोलला नाही!"

मी सुनेला म्हणाले, मिस्त्रीला फोन लाव, मशीन बंद पडलंय म्हणून सांग.

काम तुंबलेलं, म्हणून माझ्याकडे गणवेश शिवायला येणाऱ्या बायका त्या रविवारीही आपापल्या मशीनवर होत्या. तो पेटी घेऊन आला. दारात धाकटीला बघितलं आणि पेटी खाली ठेवली. एकेक करून सगळ्या मशिनी थांबल्या. कोणाचा दोरा तुटला नव्हता.

"कधीपासून माहीत होतं?" धाकटीनं विचारलं.

"पावसात थांबलो होतो ना... झाकण उघडताना फुस् झालं. तेव्हा कळलं."

"आणि गप्प बसलास. माझं काम गेलं असतं म्हणजे?"

"म्हणूनच तर काल..."

"काल चोरासारखं! तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं, तर का लपवलं ते विचारलं असतंस."

"आता विचारतेय. का लपवलंस?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी कापडावर खडूनं रेघ मारत होते.

"गाडी बरी झाली की तू जाणार होतीस," तो म्हणाला. "आणि मला... तू जायला नको होतीस."

"मग मोकळं तरी कशाला केलंस? राहू द्यायचं होतंस बुजलेलं."

"घाटात बंद पडली असती. तिथं मी नसतो झाकण उघडायला."

धाकटी पलीकडे वळली. हेल्मेटचा पट्टा तिला उगाच सुटेना.

"मी उद्या जाणार आहे," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

"जा."

"थांबवणार नाहीस?"

"महिनाभर थांबवून बघितलं. बरं नाही वाटलं."

ती वळली. डोळे ओले होते, आणि त्या ओल्या डोळ्यांनी ती हसत होती.

"मग पुढच्या रविवारी... घाट चढून येशील?"

"बोलावशील?"

"अरे बावळटा, मग हे काय चाललंय? मशीनची दुरुस्ती?"

बायका खळाळून हसल्या, सून सगळ्यात मोठ्यानं. तो मात्र माझ्यापुढं येऊन उभा राहिला, मान खाली घालून.

"काकू, माझं चुकलं."

मी खडू ठेवला.

"हे बघ, मिस्त्री. लबाड म्हणावं तर तुला ते धड जमत नाही, आणि साधा म्हणावं तर तेवढाही तू नाहीस. माझ्या पोरीची वाट अडवलीस, ते वाईट केलंस. वाट मोकळी केलीस, ते बरं केलंस, पण तोंड लपवून केलंस. ती खोड मोड. एरवी जावई म्हणून चालशील. कधी, ते मात्र ती ठरवेल."