दोनदा परत आलेलं कार्ड

तो दुकानाच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या स्वेटरवर मावठ्याचे बारीक थेंब होते आणि हातात माझंच पार्सल होतं. माझंच म्हणजे... त्यावरच्या सुतळीची गाठ मी मारलेली होती.

त्यानं आधी हिंदीत विचारलं, पुराने पार्ट्सवाले आपही हो ना? मग माझ्या उघड्या डब्यातलं थालीपीठ पाहून तो मराठीवर आला.

"मी यज्ञेश्वर. तुम्ही ईमेलवर मला रागावता."

"मी रागावत नाही. तपासून काय आढळलं ते लिहिते."

"तेच," तो म्हणाला आणि हसला.

सन दोन हजार एक. भय्यासाहेब सरकारी ऑफिसांतले जुने कॉम्प्युटर विकत घेत आणि सुटे भाग करून फ्रीगंज बाजारातल्या आपल्या दुकानात विकत. वर्षभरापासून ते भाग एका वेबसाइटवरही विकले जात होते, आणि ते काम माझ्याकडे होतं. मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. केलं होतं. भाग तपासायचे, पाठवायचे, आणि कुणाला परत करायचा असेल तर तक्रार बघायची. खराब असल्यास सात दिवसांत परत घेऊ, नंतर नाही, असा आमचा नियम होता.

यज्ञेश्वरनं एक डिस्प्ले कार्ड घेतलं होतं. ते नसेल तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर काहीच दिसत नाही. चालत नाही म्हणून ते दोनदा परत आलं. दोन्ही वेळा माझ्याकडे चित्र स्वच्छ उमटलं. कार्ड बदललेलंही नव्हतं. प्रत्येक भागावर स्क्रूपाशी मी पांढऱ्या नेलपॉलिशचा एक ठिपका देत असे, परत आलेली वस्तू आपलीच आहे हे कळावं म्हणून. ठिपका जागेवर होता. मी दोन्ही वेळा कार्ड चांगलं आहे असं लिहून परत पाठवलं. आता तिसरी तक्रार गेली असती तर वेबसाइटनं आमचं खातं बंद केलं असतं. भय्यासाहेबांनी सांगून ठेवलं होतं की मग फक्त काउंटर राहील, आणि काउंटरला ते एकटे पुरे. घरी बाबांकडे इंदूरच्या एका मुलाची माहिती आलेली होती. आत्ता नको म्हणायला माझ्याकडे ही नोकरी एवढंच कारण होतं.

मी त्याच्यासमोर कार्ड तपासलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या सवयीप्रमाणे खालची सोनेरी कड गुलाबी खोडरबरानं घासली, कार्ड बसवलं. चित्र आलं.

"म्हणजे हे फक्त तुमच्या हाताखाली चालतं," तो म्हणाला.

"हाताचा काही संबंध नाही."

"मग कशाचा?"

ते मला माहीत नव्हतं. कार्ड एकच, जागा दोन, निकाल दोन. म्हणजे दुसरी जागा पाहायला हवी होती. भय्यासाहेब म्हणाले, जा, पण चक्कर एकच मार, नाहीतर लोक म्हणतील घरपोच सेवा आहे.

टेंपोत त्यानं विचारलं, एका कार्डासाठी एवढं का? मी नोकरीचं सांगितलं. इंदूरचंही सांगितलं, का ते ठाऊक नाही. मग त्याच्या घराजवळचा राम घाट येईपर्यंत तो बाहेर बघत राहिला.

तो घरी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करत असे. लग्नसराई तोंडावर होती आणि काम अडलं होतं. मी त्याला म्हटलं, दर वेळी जसं करता अगदी तसंच करा. त्यानं खोका उघडला. कार्ड बाहेर काढतो न काढतो तोच त्याची आई, दुर्गाकाकू, ताम्हण घेऊन आल्या. त्यांनी कार्ड पाटावर ठेवलं आणि तुपात कालवलेलं कुंकू बोटानं त्या सोनेरी कडेवर लावलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. यज्ञेश्वरनं कार्ड बसवलं. कॉम्प्युटर पीं-पीं करत राहिला, पडदा काळाच.

"काकू, परत पाठवताना हे कुंकू...?"

"पुसून देते. कुंकवाची वस्तू तशीच कशी पाठवायची?"

कुंकू पुसलं जायचं, तुपाचा थर राहायचा. तो मी प्रत्येक वेळी तपासण्याआधीच घासून टाकत होते. खोडरबर गुलाबी, त्यामुळे उरलासुरला रंगही दिसला नव्हता.

"आई, तू—" त्यानं सुरुवात केली. मी मान हलवली. तो थांबला.

"काकू, इथंच का लावलंत?"

"मग काय त्या हिरव्या भागाला लावू? सोनं तर इथं आहे."

मी पर्समधलं खोडरबर काढून कड घासली. म्हटलं, ही बाजू आत जाते, हे पाय झाले. बाहेर दिसते ती ही स्टीलची पट्टी. चेहरा इकडं आहे.

त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, पट्टीला बोट टेकवलं. "आधी नाही का सांगायचं, बाई." कार्ड बसलं. पडद्यावर अर्धवट काढलेला गणपती उमटला. उरलेलं कुंकू त्यांनी माझ्या कपाळाला लावलं. "हिचा चेहरा तरी कळतो," त्या म्हणाल्या. तो तेव्हा पडद्याकडे पाहत नव्हता.

सोडायला तो दारापर्यंत आला. आता तक्रार करत नाही म्हणाला. मग जरा थांबून—

"सात दिवसांत परत करता येतं ना? मनात आलं तर?"

"मनात आलं म्हणून नाही. वस्तू खराब असेल तर."

"आणि नंतर?"

"नंतर ज्याची त्यानं ठेवायची."

"मग मी आठव्या दिवशी येतो."

दुकानात भय्यासाहेबांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. "जयू, तपासायला गेली होतीस की दाखवायला?" मी पुढचं पार्सल बांधायला घेतलं. कुंकू मात्र पुसलं नाही.

आठव्या दिवशी ऊन होतं. तो आला तेव्हा मी पाठवायच्या भागांवर ठिपके देत होते. त्याचे हात रिकामे होते.

"कार्ड चालतंय?"

"चालतंय. इंदूरला उत्तर गेलं?"

"अजून नाही."

"मग... हो म्हणून नका पाठवू." तो स्टुलावर बसला. "सात दिवस विचार केला. रोज तोच निकाल आला."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नजर हलवली नाही, कान तेवढे लाल झाले होते.

"परत घेतलं जाणार नाही," मी म्हटलं.

"म्हणून तर आज आलो."

मी त्याचा हात टेबलावर ओढून घेतला आणि करंगळीच्या नखावर एक पांढरा ठिपका दिला.

"हे कशाला?"

"आपलंच आहे हे कळावं म्हणून," मी म्हटलं. "वाळेपर्यंत हलवू नका."