म्हैस बसली की वाजणारा भोंगा

पापनाशमच्या बसमध्ये माझ्या शेजारच्या तरुणाच्या मांडीवर एक भोंगा होता. देवळाच्या खांबावर असतो तसा, चांगला थोरला. मी पाण्याची बाटली उघडली, बस खड्ड्यात गेली, पाणी वायरीवर सांडलं... आणि भोंगा बोंबलला. ड्रायव्हरनं बस थांबवली. दोघंजण उतरून पळाले, ते परत आलेच नाहीत.

"माफ करा," तो तमिळमध्ये म्हणाला. "पाणी चढलं की वाजायचं, एवढंच त्याला येतं."

"चोख येतं," मी म्हणाले.

तो हसला. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कोरडी भातशेती, बघण्यासारखं काही नव्हतं. तरी बराच वेळ बघत राहिले.

मग त्याला त्याच्या अम्माचा फोन आला, आणि त्यानं आमच्या लोकांची पिढीजात चूक केली. तंजावुराकडच्या आम्हा मराठी घरांत चारचौघांत गुपित बोलायचं असलं की तमिळ बंद, मराठी सुरू. कुणाला कळतंय, ही तीनशे वर्षांची खात्री.

"हो अम्मा, फंडाची बाई आजच येणार. म्हशीचं सांगत नाही तिला. म्हैस डबक्यात बसते, पाणी चढतं, भोंगा खोटाच वाजतो... खेळणारी पोरं आता कालव्यातून बाहेरच येत नाहीत." मग आवाज खाली. "शेजारी एक मुलगी बसलीये. फार छान आहे. नाव? कसं विचारू, आत्ताच तिच्या कानात भोंगा वाजवलाय."

फंडाची बाई मीच होते. हवामानाच्या तडाख्यातून मुलांना वाचवणाऱ्या नव्या कंपन्यांना आमचा फंड पैसे देतो. कुणाला द्यायचे, हे बघायला मी चेन्नईहून आले होते.

उतरताना मी मराठीतच सांगितलं, "मी कीर्तना. फंडाची बाई."

तो, म्हणजे प्रणवेश, पांढरा पडला. "कुठपासून ऐकलंत?"

"म्हशीपासून."

"आणि... पुढचं?"

"पुढचंही."

कालव्याच्या कोरड्या तळात पोरं क्रिकेट खेळत होती. न विचारता त्यानं अंबाचं सांगितलं. शेजारची, सहा वर्षांची. गेल्या वर्षी धरणातून पाणी सोडल्याची दवंडी गावात पोचली, कालव्यात पोचली नाही. अंबा चेंडू आणायला गेली होती. त्यानंतर त्यानं नोकरी सोडून कंपनी काढली. यंदाचं पाणी उद्या येणार होतं.

त्यानं भोंगा खांबावर चढवून वाजवला. बॅटिंग करणाऱ्या पोरानं मानसुद्धा वळवली नाही. "म्हैस," पोरगा म्हणाला, आणि पुढचा चेंडू पडला. मला हसू यायला हवं होतं.

"दोन जागी पाणी मोजलं तर?" मी विचारलं.

"तर म्हैस फसवू शकणार नाही. पण दुसऱ्या यंत्राला पैसे नाहीत. म्हणून तर खोटं बोलणार होतो."

म्हशीचं सगळं लिहीन, आणि पैसे द्या असंही लिहीन, असं मी सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला.

"कीर्तना, मला एक—"

"थांबा. अर्जदाराशी माझं काही... असं काही असलं, तर कळवायचा नियम आहे. मग फाईल दुसऱ्याकडे जाते. तो पुढच्या वर्षी येईल."

"मग मी काही बोललो नाही."

"मीही ऐकलं नाही."

"पण बसमधलं?"

"ते मराठीत होतं. फंडाला मराठी येत नाही."

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला. खरा. कुणी हललं नाही. पण आम्ही दोघं सकाळपासूनच तळात होतो, एकेका पोराला दंडाला धरून वर काढलं. शेवटचा पोरगा स्टंप सोडायला तयार नव्हता, त्याला स्टंपसकट उचललं. मग प्रणवेशनं मला वर ओढलं. पाणी आलं... गढूळ, काट्याकुट्यांचं, पोराच्या गळ्याइतकं.

काठावर पोरं मोजली. सगळी होती. माझा हात अजून त्याच्याच हातात होता.

"हे कळवावं लागेल?" त्यानं विचारलं.

"पैसे मंजूर होईपर्यंत हात सोडा," मी म्हणाले.

त्यानं सोडला. लगेच नाही.