दूरयानची शिट्टी

कानांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीतला टीव्ही कायम मोठ्याने लावलेला असायचा, आणि त्याबद्दल आजवर कोणी तक्रार केली नव्हती. त्यामुळे त्या सकाळी बाहेरून तक्रारीचा सूर आला, तेव्हा कान तपासणारी मुलगी आपल्या खोलीतून डोकावली.

“काढून टाकली,” भिंतीला टेकून उभा असलेला एक तरुण टीव्हीकडे बघत म्हणत होता. “इतकी वर्षं वाट बघितली, आणि नेमकी तीच काढून टाकली.”

“काय काढून टाकलं?” तिने विचारलं.

“शिट्टी.”

टीव्हीवर ‘दूरयान’ लागलं होतं. ही मालिका ती लहान असताना वर्षानुवर्षं चालली, मग बंद पडली, आणि आता एवढ्या काळाने नवे नट, नवे पोशाख घेऊन पुन्हा सुरू झाली होती. दूरयान एका ताऱ्यापासून दुसऱ्या ताऱ्यापर्यंत उडी घ्यायचं, आणि उडीच्या आधी एक बारीक शिट्टी वाजायची. ती वाजली की मुलं श्वास रोखून धरायची. ती स्वतः अजूनही धरायची.

“आहे की,” ती म्हणाली. “आत्ताच वाजली.”

त्याने वळून पाहिलं. त्याच्या भुवयांवर लाकडाचा भुसा बसला होता, त्यामुळे तो उगाचच वयस्क दिसत होता. “भास असेल. सवयीने होतो तसा. आमच्या दूरयानवाल्यांत पुष्कळांना होतो.”

“मीही दूरयानवालीच आहे. आणि माझे कान मी स्वतः तपासते.”

“स्वतःच? मग काय, निकाल चांगलाच लागणार.”

तिला हसू आलं, पण तिने ते दाखवलं नाही. दोघांच्या मध्ये बाकावर त्याचे वडील बसले होते. तपासणी त्यांची होती. त्यांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं, तरी दोघांकडे आळीपाळीने बघत ते मान डोलावत होते.

“काय म्हणते रे ती?”

“म्हणते शिट्टी आहे,” मुलगा त्यांच्या कानाशी ओरडला.

“मग असेल. बाई शिकलेली दिसते.”

तिने वडिलांना आत नेलं. आवाजबंद खोली म्हणजे मोठ्या कपाटाएवढी जागा, समोर काच. काचेच्या आत तपासायचा माणूस, बाहेर ती आणि तिचं यंत्र. तिने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज चढवून रोजचं वाक्य सांगितलं, “ऐकू आलं की बोट वर करायचं. नाही आलं तर नाही करायचं. यात पास-नापास नसतं.”

वडिलांनी मान डोलावली आणि ती काही वाजवायच्या आतच बोट वर केलं. मग करतच राहिले.

“बाबा तुम्हाला खूश करायला बघतायत,” तिच्यामागे उभा असलेला मुलगा म्हणाला. “आम्ही सुतार. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सवय नाही आम्हाला.”

“शिट्टीच्या बाबतीत मात्र आहे,” ती म्हणाली.

वडिलांना कानात घालायचं मशीन बसलं, आणि सुताराच्या फेऱ्या सुरू झाल्या. एकदा मशीनच्या बॅटऱ्या हव्या होत्या. एकदा ते पुसायचं कसं, हे विचारायचं राहिलं होतं. एकदा तर तो दवाखान्याचं कुरकुरणारं दार बघायला आला, आणि दार कुरकुरत नव्हतं.

“मग आलात कशाला?”

“पुढेमागे कुरकुरेल,” तो म्हणाला, आणि बिजागरीला तेल घालून गेला.

बोलणं अर्थात दूरयानचं. चाहत्यांची सगळी मतं त्याला पाठ होती. कोणी म्हणे, नव्या यानाच्या भिंती फार स्वच्छ आहेत, तिथे माणसं राहतात असं वाटतच नाही. कोणी म्हणे, जुने ग्रह पुठ्ठ्याचे होते पण खरे वाटायचे. नव्या कप्तान बाईंवरून तर दोन सख्ख्या भावांनी अबोला धरला होता. पण सगळ्यांत मोठं भांडण शिट्टीचं, आणि ते त्यानेच लावलेलं. पहिल्याच भागानंतर त्याने चाहत्यांच्या पानावर ‘शिट्टी परत आणा’ असं लांबलचक लिहिलं, आणि भराभर लोक त्याच्या बाजूने उभे राहिले. तेव्हापासून सगळे त्याला शिट्टीवालाच म्हणत.

तिने ते सगळं वाचलं होतं. वाचताना मनात आलं, यातले निम्मे लोक फोनच्या एवढ्याशा आवाजावर मालिका बघत असणार, आणि उरलेल्यांचं वय झालेलं असणार. पण हा तर तिच्याच वयाचा.

“जुना एखादा भाग लावून ताडून बघितलंत का कधी?” तिने एकदा विचारलं.

“जुने बघतच नाही मी. सगळे पाठ आहेत. डोळे मिटले की शिट्टी वाजते माझ्या डोक्यात.”

“डोक्यात…” ती म्हणाली.

मग एका दुपारी तो वडिलांना घेऊन आला. रस्त्यावरून दोघं येत होते तेव्हाच तिला आवाज आला. कानातलं मशीन नीट बसलं नाही की शिट्टी मारतं, बारीक, सुईसारखी. वडिलांचं मशीन ती मारत होतं. वडिलांना ती ऐकू येणार नव्हती, ते ठीकच. पण मुलगा त्यांच्या हाताला धरून, अगदी खांद्याला खांदा लावून चालत होता, आणि दवाखान्यातल्या सगळ्या माना वळल्या तरी त्याची वळली नाही.

“बरं चाललंय मशीन,” तो म्हणाला. “रोज घालतात. जेवताना माझ्याशेजारीच असतात ना.”

तिने मशीन काढून बंद केलं. शिट्टी थांबली. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

“तुमच्या कारखान्यात करवत दिवसभर चालते?” तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“चालणारच. पोट तिच्यावर आहे.”

“कान झाकायला काही?”

“आहे की. खिळ्याला टांगलंय. त्यात पेन्सिली ठेवतो.”

रोज ती लोकांना सांगायची, तुम्हाला कमी ऐकू येतं. नवऱ्यांना सांगायची, बायकांना सांगायची, एका न्यायाधीशांनाही सांगितलं होतं. आवाज तसाच ठेवून, डोळ्यांत बघून. त्या दुपारी मात्र तिची जीभ उचलेना. सांगितलं तर हा दार बघायला पुन्हा येईल का, हा प्रश्न आधी मनात आला, आणि आला म्हणून तिला स्वतःचाच राग आला. तिने मशीनचं टोक बदललं, वडिलांच्या कानात घट्ट बसवलं आणि बाकीचं पुढच्या खेपेवर टाकलं.

पुढच्या खेपेला तो निमंत्रण घेऊनच आला.

“रविवारी सकाळी कारखान्यात या. करवत बंद, फळ्यांचे बाक, भिंतीवर पांढरी चादर. आपल्याकडचे सगळे दूरयानवाले येतायत. गणिताच्या बाईंकडे जुना भाग निघालाय. आधी जुना लावतो, मग नवा. शिट्टी आहे की नाही, सगळ्यांसमोर एकदाचं होऊन जाऊ दे.”

“सगळ्यांसमोर कशाला? आधी आपण दोघांनीच ऐकलं तर?”

“घाबरलात.”

“हो,” ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

रविवारी ती मुद्दाम लवकर गेली. कारखान्यात ताज्या लाकडाचा आणि सरसाचा वास होता. खिडकीतून येणाऱ्या उन्हात भुशाचे कण तरंगत होते. तो चादरीच्या सुरकुत्या काढत होता. आज भुवयांवर भुसा नव्हता, आणि त्यामुळे त्याच्याकडे बघणं आणखीच अवघड झालं होतं.

“मला एक सांगायचंय,” ती म्हणाली.

“मलाही एक विचारायचंय. पण आत्ता नाही. जिंकलो की विचारीन.”

“आधी माझं ऐकून घ्या ना.”

“हरायच्या भीतीने तह करताय?” तो हसला. “जरा धीर धरा. शिट्टीचा निकाल लागला की पहिलं काम तेच. तुमच्याशी बोलायला मलाही… काहीतरी जिंकून आलेलं बरं.”

ती पुन्हा तोंड उघडणार तोच पहिले दूरयानवाले, दातांचे डॉक्टर, आले, त्यांच्यामागून गणिताच्या बाई, आणि मग लोक येतच राहिले. ती तिसऱ्या बाकावर बसली. शेजारी त्याचे वडील येऊन बसले, इस्त्रीचा सदरा घालून, कानात मशीन.

जुना भाग सुरू झाला. पुठ्ठ्याचा ग्रह आला, तेव्हा लोक प्रेमाने हसले. यानाची दारं दाणदाण आपटली. जुन्या कप्तानाने हात वर केला. आता उडी… सगळा कारखाना गप्प झाला.

शिट्टी वाजली. पुढच्या बाकावर कोणीतरी सुस्कारा सोडला.

तो पडद्याशेजारी उभा होता, चेहऱ्यावर विजयाची तयारी करून. ती तयारी तशीच राहिली. यान उडी मारून गेलंसुद्धा.

“थांबा,” तो म्हणाला. “जरा मागे घेतो. आवाज कमी होता.”

त्याने आवाज वाढवून पुन्हा लावलं. कप्तानाने हात वर केला. त्याने कान पुढे केला. भुवया जवळ आल्या.

“अरे, वाजली की दोन्ही वेळा,” गणिताच्या बाई म्हणाल्या. “पुढे चल.”

त्याने तिसऱ्यांदा मागे घेतलं, आणि आता तो पडद्याकडे बघत नव्हता, लोकांकडे बघत होता. ती हे सगळं बघत होती. मोठ्याने बोलणं शक्य नव्हतं, आणि गप्प बसणं त्याहून अशक्य. कप्तानाचा हात वर गेला, शिट्टी वाजली, आणि तिने आपलं एक बोट वर केलं.

शेजारी आणखी एक बोट वर झालं होतं. वडिलांचं. “आली,” ते आनंदाने म्हणाले. “मला आली.”

त्याची नजर त्या दोन बोटांवर खिळली. मग त्याने नवा भाग लावला, नेमक्या उडीच्या जागी. त्याला ती जागाही पाठ होती. तिचं बोट वर गेलं. वडिलांचंही गेलं.

त्याने भाग थांबवला.

“शिट्टी आहे,” तो म्हणाला. “जुन्यातही आहे, नव्यातही आहे. मलाच ऐकू येत नाही.”

कोणी हसलं नाही. दातांच्या डॉक्टरांनी घसा खाकरला. मग गणिताच्या बाई म्हणाल्या, “ठीक आहे. कान दाखवून घे. आणि आता तो नवा भाग पहिल्यापासून लाव बघू. त्या स्वच्छ भिंतींबद्दल मला बोलायचंय.”

सगळे गेल्यावर तो फळ्या उचलून भिंतीशी लावत होता. ती दुसऱ्या टोकाला हात द्यायला गेली, तर त्याने फळी एकट्यानेच उचलली.

“तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“कधीपासून?”

“बाबांचं मशीन शिट्टी मारत होतं त्या दुपारपासून.”

“ते शिट्टी मारत होतं?” त्याने फळी खाली ठेवली. “आणि तुम्ही मला इथे लोकांसमोर उभं राहू दिलंत.”

“सांगायलाच लवकर आले होते आज. पण त्याआधीच सांगायला हवं होतं, हे खरं. रोज सांगते मी लोकांना. तुम्हालाच सांगता येईना.”

“का?”

तिने चपलेच्या टोकाने भुशावर एक रेघ ओढली.

“तुम्ही काहीतरी विचारणार होतात,” ती शेवटी म्हणाली.

“ते जिंकलो असतो तर,” तो म्हणाला, आणि पुढची फळी उचलायला वळला. ती घरी गेली.

पुढचा आठवडाभर ती दवाखान्याच्या दारावरच चिडलेली होती. ते दार अजूनही कुरकुरत नव्हतं. मग एका सकाळी टीव्हीच्या आवाजावर वडिलांचा आवाज चढला. “आज माझा नाही, ह्याचा नंबर आहे.”

सुतार भुवयांवर भुसा घेऊनच आला होता. ती कामापुरतं बोलली. तो काचेच्या आत बसला. तिने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले, केसांत अडकलेली लाकडाची एक ढलपी काढून टाकली, बाहेर येऊन आपल्या जागी बसली.

“ऐकू आलं की बोट वर करायचं,” ती माईकमध्ये म्हणाली. “यात…”

“पास-नापास नसतं. माहीत आहे,” आतल्या माईकमधून त्याचा आवाज आला.

खालचे, जाड आवाज त्याला सगळे आले. जसजसे सूर बारीक होत गेले तसतसं बोट उशिरा येऊ लागलं, मग येईनासं झालं. तिने कागदावर खुणा केल्या. फार वाईट नव्हतं. मशीनने भागणार होतं, आणि त्या पेन्सिली दुसरीकडे ठेवल्या तर पुढचं नुकसान टळणार होतं. तिने सूर बंद केले आणि पेन खाली ठेवलं.

काचेपलीकडे त्याने बोट वर केलं.

“झालं संपून,” ती म्हणाली. “आता काही वाजवलं नव्हतं मी.”

“माहीत आहे.”

“मग बोट कशाला?”

“विचारायचं राहिलंय.” तो काचेतून तिच्याकडे बघत होता. “हरलेल्या माणसाने विचारलं तर चालतं का?”

“आत्ताच काय म्हणालात? पास-नापास…”

“हं.” त्याने हेडफोनच्या वायरशी जरा चाळा केला. “नवं दूरयान पुष्कळ वर्षं चालेल म्हणतात. पुढचे भाग… म्हणजे पुढचे सगळेच… माझ्याबरोबर बघाल? शिट्टी कुठे वाजते ते सांगायला कोणीतरी हवं. मशीन आलं तरी हवं.”

“आणि मालिका मध्येच बंद पडली तर?”

“तर थांबू. पुन्हा सुरू होते, बघितलंय आपण.”

ती माईकजवळ वाकली. मग तिने एक बोट वर केलं.

“दिसलं नाही,” तो आतून म्हणाला. “काचेवर उजेड येतोय.”

त्याला दिसलं होतं, हे तिला स्वच्छ कळत होतं. तरी तिने बोट पुन्हा वर केलं, आणि तो हसेपर्यंत खाली घेतलं नाही.