कपाटाशेजारची जागा

लग्नाआधी ती शाळेत इंग्रजी शिकवायची. लग्न झालं, गाव बदललं, शाळा सुटली. आणि नव्या घरात चार दिवस हात चोळत बसल्यावर तिने व्हिडिओ कॉलवर परदेशी माणसांना इंग्रजी शिकवायचं काम शोधून काढलं. आधी दोन सरावाचे तास, मग एक परीक्षेचा. तो जमला तर नोकरी. नाही जमला, तर सोमवारपासून नणंदेच्या नवऱ्याच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, असं घरात ठरून गेलं होतं. ठरवताना तिला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून तर तिला ही नोकरी हवीच होती.

"काचेशी बोलायचे पैसे देतात म्हणे," सासूबाई म्हणाल्या. "मी जन्मभर भांड्यांशी बोलतेय, मला कुणी छदाम दिला नाही."

पण मागची खोली त्यांनीच झाडून दिली. नेटही तिथेच काय ते नीट यायचं.

खोली तशी अडगळीचीच. भिंतीशी गाद्यांची चळत, कोपऱ्यात लोखंडी कपाट आणि भर दुपारीसुद्धा डांबरगोळ्यांचा थंडगार वास. खिडकी होती, पण ती उघडायची शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर. असला पसारा लोकांना दाखवायचा कसा? त्यावर कॉलमध्येच सोय होती, ब्लरची. बटण दाबलं की पडद्यावर तिच्यामागचं सगळं धूसर व्हायचं. माणूस तेवढा स्पष्ट राहायचा.

पहिल्या तासाला समोर एक म्हातारा बेकरीवाला आला. नातवंडं फक्त इंग्रजीच बोलतात, म्हणून या वयात शिकायला बसलेला. पाव कसा फुगतो ते तो शब्द सापडेनात तेव्हा हातांनी सांगत होता, आणि ती मनापासून हसत होती. हसता हसता तिची नजर पडद्यावरच्या स्वतःच्या चौकटीकडे गेली. गाद्या धूसर, खिडकी धूसर, कपाट धूसर. कपाटाशेजारची भिंत मात्र लख्ख दिसत होती. रंगाचे पोपडे मोजता यावेत इतकी लख्ख. तेवढाच एक उभा तुकडा. वर डोक्याएवढा गोल, खाली खांद्यांएवढा रुंद.

संध्याकाळी तिने नवऱ्याला तिथे उभं केलं. पडद्यावर तो स्वच्छ दिसला.

"बघ, माणूस बरोबर ओळखतंय. आता बाजूला होतो."

तो बाजूला झाला. तुकडा तिथेच राहिला.

"कपाटाला माणूस समजतंय," नवरा म्हणाला. "चालायचंच. आमच्या साहेबांनाही लोक माणूसच समजतात."

"अहो, कपाट धूसर आहे. त्याच्या शेजारी..."

"मशीन आहे गं ते, चुकतं कधीकधी," म्हणत तो हात धुवायला गेलासुद्धा.

दुसऱ्या तासाला तुकडा कपाट सोडून गाद्यांपाशी आला होता.

तिने ब्लर बंद करून पाहिला. मागे नुसती खोली. पण ते अधिकच वाईट. ब्लर बंद केला की काही दिसायचं नाही हे खरं. पण मग ते कुठे उभं आहे, तेही कळायचं नाही. तिने निमूटपणे ब्लर पुन्हा लावला.

"मागे कुणी थांबलंय का?" बेकरीवाल्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

तिने झटकन मान पुढे वळवली. "का? तुम्हाला... दिसतंय कुणी?"

"नाही. तुम्ही सारख्या वळून बघताय."

परीक्षेच्या दुपारी तिने टेबल-खुर्ची ओढत ओढत थेट भिंतीला भिडवली. पाठ भिंतीला टेकली. आता मागे उभं राहायला बोटभरही जागा नव्हती. बाहेर सासूबाईंचा टीव्ही बडबडत होता. त्या आवाजाचाही आज आधार वाटला.

बेकरीवाला आला. परीक्षक बाई आल्या. करड्या आवाजाच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. तास सुरू झाला. तिने चौकट नीट न्याहाळली. तुकडा कुठेच नव्हता. गेला! तिचा जीव भांड्यात पडला, आवाज मोकळा झाला. बेकरीवाला भट्टीच्या गोष्टी सांगू लागला आणि बाईसुद्धा गालात हसल्या.

मग तिला स्वतःचा कान धूसर झालेला दिसला.

आधी कान. मग गाल. आरशावर वाफ चढावी तशी ती हळूहळू पुसट होत गेली. ती पुढे सरकली, तर धूसरपण तिच्याबरोबर सरकलं. आणि तिच्या उजव्या खांद्याशी, जिथे कुणी मावणं शक्यच नव्हतं, तिथली भिंत लख्ख झाली.

टीव्हीचा आवाज कधी थांबला, कळलं नाही. डांबरगोळ्यांचा वास आता थंड नव्हता. अगदी कानाशी, श्वासासारखा, उबदार येत होता.

उठावं. दार समोरच आहे. पण उठलं की गल्ला... थोडाच वेळ राहिलाय. थोडाच.

ती बसून राहिली.

पुढचा प्रश्न विचारायला तिने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. तरी बेकरीवाल्याने मान डोलावली आणि उत्तर दिलं. मग दुसऱ्या प्रश्नाचं. मग तो पोट धरून हसला, तिने न केलेल्या कसल्याशा विनोदावर. ती जीव तोडून ओरडत होती. पडद्यावर एक धूसर डाग हलत होता, इतकंच.

"उत्तम," परीक्षक बाई शेवटी म्हणाल्या. "नोकरी तुमची. फक्त एक... पुढच्या वेळी शेजारी कुणाला बसवू नका. त्या मुलीला काहीतरी सांगायचंय, असं सारखं वाटत होतं."

तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं.

"नाही बसवणार," तिचाच आवाज गोडपणे म्हणाला.