बारा आणि चौदाच्या मध्ये

१९९९ साली जगाला संगणकांच्या तारखांची धास्ती लागली होती. हेरंबच्या मशीनला तारीख मुळी ठाऊकच नव्हती. पुस्तकाएवढं, काळं, रबरी कळांचं ते जुनं घरगुती कॉम्प्युटरचं मशीन. टीव्हीला जोडायचं आणि टेपरेकॉर्डरवरून प्रोग्राम भरायचा. तशी मशीन्स बनायची कधीच बंद झाली होती, पण चंदीगडमधल्या पाच-सहा वेड्यांनी आपापली जिवंत ठेवली होती. रविवारी सकाळी सगळे हेरंबच्या सेक्टर तीसमधल्या क्वार्टरमध्ये जमत. कुणी दिल्लीच्या बाजारातून चिप पैदा करून आणलेली असे, कुणी दुसऱ्याच्या मशीनच्या कळा उचकटून साफ करी, आणि एखादं मेलेलं मशीन पुन्हा चालू झालं की क्रिकेटची मॅच जिंकल्यासारखा आरडाओरडा होई.

त्या रविवारी मात्र दोघंच होते : वैज्ञानिक उपकरणांच्या प्रयोगशाळेत इंजिनिअर असलेला हेरंब आणि विद्यापीठात संशोधन करणारा शिशिर. दारात रिक्षा थांबली. वसुधाकाकू उतरल्या. त्यांचे यजमान श्यामकांत विद्यापीठात फिजिक्स शिकवायचे. हा क्लब त्यांनीच सुरू केला होता. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"ह्यांच्या कपाटात सापडली," काकूंनी पर्समधून कॅसेट काढली. "बघ रे, चालते का."

"काकांचा गेम!" शिशिर ओरडलाच. "काकू, हा पक्का काकांचा गेम आहे! अख्खं चंदीगड टाकतोय म्हणायचे, कधी दाखवला नाही."

कॅसेट लावली. खरखर, मग ती कान किटवणारी किंकाळी. टीव्हीच्या कडेनं निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावू लागल्या. टेप जुनी होती. एक अक्षर चुकलं तरी सगळं वाया. पट्ट्या थांबल्या. पडद्यावर चौकोनांचं शहर उमटलं आणि खाली रोमन अक्षरांत मराठी ओळ आली : 'तुम्ही सेक्टर १७ मध्ये आहात. कारंजं चालू आहे.'

शिशिरनं टाळ्या पिटल्या. 'पुढे', 'मागे', 'डावीकडे', 'उजवीकडे' एवढंच गेमला कळत होतं. ते भटकत सुटले. सोळामध्ये गुलाब होते, एकमध्ये काळ्या कोटातले वकील. तीसमध्ये ओळ आली : 'हेरंबच्या स्कूटरचं सीट फाटलंय.'

शिशिर खो-खो हसला. हेरंबही हसला, पण जरा उशिरा. सीट गेल्या महिन्यात फाटलं होतं.

"काकू, बारामध्ये जाऊ," शिशिर म्हणाला. "हॉस्पिटल. मग रस्ता ओलांडला की चौदा, आपलं विद्यापीठ."

बारामधून त्यानं 'पुढे' टाइप केलं.

'सेक्टर १३. घर. व्हरांड्यात दिवा आहे.'

"तेरा?" शिशिर चक्रावला. "चंदीगडमध्ये तेरा नाहीच आहे, यार. काका पण ना, भारीच!"

काकू खुर्ची ओढून पुढे आल्या. त्यांनी आयुष्यात कधी त्या कळांना हात लावला नव्हता. एकेक अक्षर शोधत त्यांनी टाइप केलं : 'चहा घेतलात?'

"काकू, त्याला तेवढं नाही कळत," हेरंब म्हणाला.

'एकट्यानं कसा घेऊ, वसू.'



हेरंबनं प्रोग्राम थांबवला आणि आतल्या ओळी पडद्यावर घेतल्या. वरून खाली वाचल्या, पुन्हा वाचल्या. बारानंतर चौदा होता. 'चहा' हा शब्द कुठेच नव्हता.

काकू उठल्या होत्या. चेहरा असा फुललेला, की दोन वर्षांत हेरंबनं तो तसा पाहिला नव्हता.

"जाते मी."

"काकू, ही आत पोहे करतेय. मी सोडतो नंतर."

"नको रे. आधीच फार उशीर झालाय."

पुढल्या रविवारी त्यांच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या मिसेस ग्रेवाल म्हणाल्या, "आंटीजी तो सोमवार को ही चली गयीं. बड़ी खुश थीं. कहती थीं, पास ही जाना है."

नाशिकला काकूंच्या भावाकडे फोन केला. तिथे त्या पोचल्या नव्हत्या. हॉस्पिटलांत चौकशी झाली, चौकीत तक्रार झाली. दुपारी हेरंब आणि शिशिर क्वार्टरवर परतले. शिशिरनं कॅसेट लावली.

किंकाळी. पट्ट्या. शहर.

बारा. पुढे.

'सेक्टर १३. व्हरांड्यात दोघं बसली आहेत. तिसरी खुर्ची मांडली आहे.'

शिशिरचा हात कळांवरून निघाला. कुणी काही टाइप केलं नव्हतं, तरी खाली आणखी एक ओळ उमटली.

'चहा तीन कप. एक बिनसाखरेचा.'

"बिनसाखरेचा?" शिशिर कसंनुसं हसला. "आपल्यात कोण पितं बिनसाखरेचा?"

रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट हेरंबला शुक्रवारी मिळाला होता. त्यानं तो अजून बायकोलाही दाखवला नव्हता.