आकिबच्या नावाचं बुकिंग

तळोद्याचा मंडपवाला आकिब खांब रोवण्यात वाघ होता, पण तारखा सांभाळण्यात ठार आंधळा. एकदा शहाद्याचा मंडप प्रकाशा गावात ठोकून आला होता. तेव्हापासून ऑफिसचा कारभार त्याच्या बायकोने, इरमने, आपल्या हाती घेतला. लॅपटॉपवरचा मेलचा जुना प्रोग्राम बंद पडायला आला, तेव्हा तिने एका बैठकीत सगळे मेल आणि कॅलेंडर नव्या प्रोग्राममध्ये हलवलं, आणि तेच कॅलेंडर स्वतःच्या, आकिबच्या नि कामगारांच्या फोनला जोडून टाकलं. एकाने नोंद केली की सगळ्यांना दिसायची. काम, जागा, गिऱ्हाइकाचं नाव. कामगारांनी तेवढं वाचायचं आणि विचारत न बसता कामाला लागायचं.

गुरुवारी जुन्या-नव्या नोंदी ताडून बघताना तिला एक ओळ दिसली. ‘खोदकाम. कबरस्तान. आकिब.’

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग तिने स्वतःची समजूत घातली. हलवाहलवीत असे घोळ व्हायचेच. एका नवरदेवाचं लग्न दोनदा उमटलं होतं, त्या बिचाऱ्याला कोण विचारतो! ते पुसलं तसं तिने हेही पुसलं. लॅपटॉपवरून गेलं, फोनवर राहिलं. फोनवरून पुसलं, तर लॅपटॉपवर पुन्हा हजर. नोंद केली कोणी ते पाहिलं, तर तिचंच नाव. वैतागून तिने लॅपटॉप मिटला.

शुक्रवारी दुपारी सलाउद्दीनमामू दारात येऊन उभे राहिले. लग्नसराईत ते आकिबच्या मंडपावर असायचे, एरवी कबरी खोदायचे. पाय गुडघ्यापर्यंत मातीने भरले होते.

“कोण गयं, बेटी?” त्यांनी हळूच विचारलं.

“कोणीच नही, मामू. काय व्हयनं?”

“मंग आकिबनी कोनासाठे सांगं? फोनमा उनं, मी खोदी टाकी. निंबना खाले.”

हसावं की रडावं, इरमला कळेना. तिने झालेला घोळ सांगितला. मामू मात्र हसले नाहीत.

“खोदेल कबर रिकामी ठेवतस नही,” ते म्हणाले. “लाकूड टाकीसन बुजनी पडी.”

आकिब सकाळीच मोटरसायकलवर विसरवाडीला मंडप सोडवायला गेला होता. इरमने घाईघाईने फोन लावला.

“मी जित्ता शे ना व!” तो खो खो हसला. मागे ट्रकांचे हॉर्न वाजत होते. “रस्तामाच शे, पोची ऱ्हायनू.”

तिच्या जिवात जीव आला. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही, मग कॅलेंडरच्या नोंदीने नवरा कसा मरेल! त्याला कबरस्तानाकडेच यायला सांगून ती मामूंबरोबर निघाली. मामूंनी खांद्यावर एक ओंडका घेतला.

कबरस्तानाची भिंत कमरेएवढी होती. इरम बाहेरच थांबली. मामू निंबाकडे गेले आणि जागच्या जागी खिळले.

कबर बुजवलेली होती.

वर पाणी शिंपडलेलं. गुलाबाच्या पाकळ्या अजून ओल्या.

“मी उघडी ठेयीसन उनू,” मामू पुटपुटले. ओंडका त्यांच्या खांद्यावरून घसरून पडला.

तेवढ्यात मागे पावलं वाजली. आकिब! लाजलज्जा सोडून तिने भर रस्त्यात त्याचा हात गच्च धरला आणि हमसून हमसून रडली. हात गार होता. वाऱ्यातून आला म्हणून असेल, तिला वाटलं. तो भिंतीपलीकडे बघत राहिला.

तिसऱ्या प्रहरची, असरची अजान संपली आणि कॅलेंडरने त्याच नोंदीची आठवण दिली. तिचा फोन वाजला. मामूंचा वाजला.

त्याच क्षणी तिसराही वाजला. निंबाखाली, मातीच्या आत.

“तुन्हा फोन कोठे शे?” तिने विचारलं.

आकिबची नजर निंबावरून हटली नाही.

तिने त्याचा नंबर लावला.

मातीखाली घंटी वाजू लागली. मामू दोन पावलं मागे सरले.

घंटी थांबली. फोन उचलला गेला होता.

“हां, बोल इरम,” तिच्या कानात आकिबचा आवाज आला. मग तो जरा थांबला.

“तुन्हासंगे कोण शे?”