कुन्हुताचा पट्टा

साझावा नदीकाठच्या या गढीत कपडालत्ता आणि दागदागिने माझ्या ताब्यात. कुठल्या पेटीत झग्याला नाड्यांनी जोडायच्या रेशमी बाह्या, कुठल्या डबीत हस्तिदंती फणी, ते मी डोळे मिटून सांगेन. धांदरटपणा मला खपत नाही आणि भुताखेतांच्या गप्पा तर मुळीच नाहीत. आमची सुईण दोरोता म्हणते, या माख्नापुढे साक्षात सैतान आला तरी ती आधी त्याला पाय पुसायला लावेल.

हेडविकाला मी माझं दूध पाजून वाढवलं. तिला इथे दुसरेपणावर दिली, तशी तिच्या पाठोपाठ मीही आले. इथल्या धन्याची पहिली बायको कुन्हुता बाळंतपणात गेली होती, पोटातल्या लेकरासकट. त्यामुळे हेडविकाला कळा सुरू झाल्या तेव्हा सगळ्यांच्या मनात तेच होतं.

बाई अडली की आमच्याकडे घरातलं बांधलेलं, मिटलेलं सगळं सोडतात. ते काम माझं. मी पेट्यांची कुलपं काढली. बायकांच्या वेण्या, बाह्यांच्या नाड्या, जोड्यांचे बंद, घोड्यांचे तंग, ससाण्याच्या पायातल्या वाद्यासुद्धा सोडायला लावल्या. दरवान कुरकुरला, वेस अशी सताड उघडी आणि शत्रू आला म्हणजे? मी म्हटलं, आला तर त्याचेही जोडे सोडून घे.

दुसरा दिवस उजाडला तरी पोर पुढे सरकेना. दुपारी दोरोता हात पुसत बाहेर आली.

"काहीतरी बांधलेलं राहिलंय, माख्ना."

मला आधी रागच आला. मग आठवलं. वरच्या कोठीत कुन्हुताचा लग्नातला पट्टा होता, लाल कातड्याचा, चांदीच्या टिकल्यांचा. पीळ पडू नये म्हणून मीच त्याचं बक्कल लावून ठेवलं होतं. धावत वर गेले, पट्टा सोडला, पेटीवर सरळ पसरून ठेवला. खाली आले तर दोरोतानं मानेनंच नाही म्हटलं.

पुन्हा वर गेले. बक्कल लावलेलं होतं.

कोठीला दार एकच, आणि जिन्यात मी. धुळीत पावलं होती ती माझीच. घाईत सोडायचं राहिलं असेल, असं मी स्वतःला बजावलं. पुन्हा सोडलं आणि पाठ करून दारात उभी राहिले. मागे चांदी वाजली, अगदी हळू. वळून पाहिलं. काटा भोकात होता. भिंतीवरची ओल थंडीनं गोठली होती आणि कातडं मात्र कोमट लागलं, आत्ताच कुणी कमरेवरून उतरवल्यासारखं.

खालून हेडविकाची किंकाळी आली. मग तीही थांबली.

घाबरायला सवड नव्हती.

"तुला कुणाची तरी कंबर हवी ना? माझी घे. माझ्या पोरीला सोड."

पट्टा मी स्वतःला बांधला.

खाली तान्हं बाळ रडलं.

मुलगी झाली. यित्का. तिसऱ्या दिवशी अंग धुवायला मी पट्टा काढला आणि पाळण्यात ती निळी पडली. घाईघाईनं बक्कल लावलं, तिला श्वास आला. एकदा घडलं तर मी योगायोग म्हणेन. मी आणखी दोनदा करून पाहिलं. देव मला क्षमा करो.

याला सात वर्षं झाली. झोपते पट्ट्यात, अंग धुते पट्ट्यात. म्हातारपणी नटायची हौस, म्हणून दोरोता चिडवते. पाद्रीबाबांच्या कानावर गेलं तर पोरीलाच सैतानाची म्हणतील, या भीतीनं तोंड मिटून राहिले. निदान हेडविकाला सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले, आणि परवा तापात माझी जीभ लुळी पडली. आता तोंडातून नुसती घरघर निघते.

सकाळपासून गढीत पेट्यांची झाकणं उघडल्याचे आवाज येताहेत. मरणारं माणूस अडलं तरी आमच्याकडे तेच करतात. हेडविकानं माझे केस मोकळे केले आणि डोळे पुसत बाहेर गेली. पांघरुणाखालचा पट्टा तिच्या लक्षात आला नाही.

आता यित्का आली आहे. तिनंही वेण्या सोडल्यात, पायात जोडे नाहीत. तिनं माझ्या कपाळावरून हात फिरवला, पांघरूण नीट करायला उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

"आजी, आई म्हणते तुझा जीव अडकलाय. मी सगळीकडे फिरून सगळं सोडलं. एवढंच राहिलंय."

मी दोन्ही हात बक्कलावर दाबून धरलेत. ती माझं एकेक बोट बाजूला करते आहे, मला दुखू नये म्हणून अगदी जपून.